सेमिनरी कोणती, हा दुसरा प्रश्न

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की मंडळीतल्या एखाद्या घरी हा विषय निघतोच. मुलगा, अलीकडे मुलगीही, सांगते की मला पूर्णवेळ सेवेत जायचं आहे. आईला आनंद होतो, वडील पाळकाच्या पगाराची चौकशी करतात, आणि उमेदवार मोबाइलवर सेमिनऱ्यांची माहितीपत्रकं उघडून बसतो. बेंगळुरूचं आवार, पुण्याचं ग्रंथालय, फी किती, हॉस्टेल कसं. महिनाभरात दोन-तीन ठिकाणी अर्जही जातात. पाळकसाहेबांना हे कळतं ते शिफारसपत्रावर सही लागते तेव्हा.

वरात काढून मग सोयरीक शोधावी, तसा हा क्रम आहे. सेमिनरी शिकवते, परीक्षा घेते, पदवीच्या मार्गाला लावते. पण पाळक करत नाही. पाळक करते ती मंडळी, दीक्षा देते तीही मंडळीच. चार वर्षं मन लावून शिकलेला, चांगल्या गुणांनी पास झालेला, पण कुठल्याच धर्मप्रांताने किंवा कॉन्फरन्सने आपला म्हणून न पाठवलेला पदवीधर ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तो मग ओळखीच्या संस्थेत प्रकल्प-समन्वयक होतो, नाहीतर स्वतःची मंडळी काढतो. दोन्हींत वाईट काही नाही, पण तो घरातून निघाला होता ते यासाठी नाही. म्हणून पहिला प्रश्न असा: मला दीक्षा कोण देणार, आणि त्यांना माझ्याकडून कोणतं शिक्षण हवं आहे?

याचं उत्तर मंडळीगणिक बदलतं. महाराष्ट्रातल्या जुन्या मिशनांच्या बऱ्याच मंडळ्या आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन हे चर्च झालं. इथे वाट साधारण अशी: आधी स्थानिक पास्टोरेट कमिटीची शिफारस, मग धर्मप्रांताच्या समितीपुढे मुलाखत, मग बिशपसाहेबांची संमती, आणि त्यानंतर सेमिनरी. बऱ्याचदा सेमिनरी कोणती हेही धर्मप्रांतच ठरवतो. शिकून आल्यावर काही काळ उमेदवारी, मग डिकन, मग प्रेस्बिटर. अमेरिकन मिशनमधून उभं राहिलेलं मेथॉडिस्ट चर्च त्या एकीकरणात आलं नाही. त्यांच्याकडे उमेदवाराची पारख रीजनल कॉन्फरन्स करते. बुलढाणा-वाशीम भागात नाझरीन मंडळ्या आहेत. त्यांच्याकडे आधी स्थानिक परवाना, मग डिस्ट्रिक्टचा परवाना, आणि प्रत्यक्ष सेवेची काही वर्षं झाल्यावर दीक्षा. अकोल्याच्या बाजूला अलायन्सच्या मंडळ्या आहेत, त्यांचे नियम पुन्हा वेगळे. आपल्या मंडळीचे नियम छापील स्वरूपात मागून घ्या. 'आपल्याकडे असं असतं' या तोंडी माहितीवर आयुष्याची चार-पाच वर्षं लावू नका.

कॅथलिक तरुणाचा प्रश्न मुळातच निराळा आहे. त्याने कॉलेज निवडायचं नसतं. त्याने ठरवायचं ते एवढंच की आपण धर्मप्रांताचे धर्मगुरू होणार, की येशूसंघ, पिलार सोसायटी यांसारख्या एखाद्या संघात जाणार. धर्मप्रांताचा धर्मगुरू आपल्याच मुलखातल्या धर्मग्रामांत फिरतो, संघाचा माणूस संघ पाठवेल तिथे जातो. मनाचा कल ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा. एकदा ते ठरलं की पुढची आखणी बिशप किंवा संघाचे वरिष्ठ करतात: सुरुवातीची तयारी, तत्त्वज्ञान, मध्ये प्रत्यक्ष सेवेचं वर्ष, मग ईश्वरविज्ञान. मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला सेंट पायस कॉलेजात, गोव्याची राशोलला. सगळं मिळून आठ-दहा वर्षं सहज जातात, आणि संघात गेल्यास आणखीही. या मुलांनी सेमिनऱ्यांची तुलना करत बसण्यापेक्षा आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडे सहा महिने नियमित जावं, आजाऱ्यांच्या घरी त्यांच्यासोबत जावं, जमल्यास मर्तिकालाही जावं. आपण कशात पडतो आहोत ते तिथे कळतं.

स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत कुणी पदवी मागत नाही. म्हणूनच तिथल्या तरुणाने जास्त सावध असावं, कारण त्याला अडवणारं कुणी नसतं. एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, ती सेमिनरीत उशिरा कळते. ख्रिस्ती लग्न लावण्याचा अधिकार पदवीने येत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावू शकतात ते बिशपकडून दीक्षा मिळालेले आणि आपल्या चर्चच्या नियमांना धरून चालणारे धर्मसेवक, राज्य सरकारने परवाना दिलेले धर्मसेवक, आणि कायद्यात नेमून दिलेले इतर काही. स्वतंत्र मंडळीचा पाळक असाल तर हा परवाना मिळवावा लागतो, आणि तो देताना तुमच्यामागे कोणती नोंदणीकृत मंडळी उभी आहे हा प्रश्न येणारच. पदवीची चौकट भिंतीवर लावून, पण परवान्याशिवाय लावलेलं लग्न पुढे जोडप्याला पासपोर्टच्या वेळी आणि वारसाहक्काच्या वेळी छळतं.

मंडळीचं ठरलं की पदवीकडे वळू. प्रोटेस्टंट जगात आपल्याकडे वजन आहे ते सेरामपूरच्या पदवीला. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली हे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डॅनिश राजाची सनद मिळाली आणि पदव्या देण्याचा अधिकार आला. पुढे १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने तो पक्का झाला. आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. शिकायचं पुण्यात किंवा जबलपूरला, पदवी मात्र सेरामपूरची. मराठी माणसाला या गावाशी आणखी एक नातं आहे. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथेच छापलं गेलं, आणि १८११ चा मराठी नवा करारही तिथलाच.

पाळकपदासाठी मुख्य पदवी बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. पदवीधराला ती चार वर्षांची, बारावीनंतर थेट गेल्यास पाच वर्षांची. माझं मत विचाराल तर शक्य असेल त्याने आधी साधी पदवी घ्यावी. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, अगदी कॉमर्ससुद्धा चालेल. पास्टोरेटचा ताळेबंद वाचता येणारा पाळक मंडळीला हवाच असतो. शिवाय विशीतल्या मुलाला आपलं पाचारण तपासायला तीन वर्षं मिळतात, आणि सेवेतून बाहेर पडावं लागलं तर हातात सर्वत्र चालणारा कागद राहतो. बी.डी.च्या जोरावर पुढे एखाद्या सरकारी विद्यापीठात जायचा विचार असेल तर त्या विद्यापीठाकडूनच लेखी विचारून घ्या. प्रत्येकाचे नियम सारखे नसतात.

दुसरं नाव कानावर येतं ते एटीएचं, म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचं. इव्हँजेलिकल वळणाच्या बऱ्याच सेमिनऱ्या तिची मान्यता घेतात. ही मान्यता शिक्षणाच्या दर्जाची असते, ती संस्था स्वतः विद्यापीठ नव्हे. तुमच्या मंडळीला ती चालते का, एवढंच पाहायचं. काही मंडळ्यांना सेरामपूरच लागतं, काहींना एटीए पुरतं, काहींची स्वतःची बायबल कॉलेजं आहेत आणि त्यांना बाहेरचं फारसं आवडत नाही.

या दोन्हींपलीकडे पदव्यांचा एक बाजार भरतो. सहा महिन्यांत मास्टर्स, वर्षभरात डॉक्टरेट, आणि एखाद्या हॉटेलच्या सभागृहात झगे घालून मानद डी.डी. अशा संस्थेला एकच प्रश्न विचारा: ही पदवी नेमकं कोण देतं आणि कोणत्या कायद्याने? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे, आणि बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. परदेशातल्या कुठल्याशा लांबलचक नावाच्या संस्थेचं पत्र दाखवलं, तर त्या देशात तिला कोण ओळखतं तेही विचारा. आपल्या मंडळ्यांत 'डॉक्टर' या उपाधीचा सोस जरा जास्तच आहे, आणि तो सोस आहे तोवर हा बाजार उठणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते, त्या गोष्टीकडे येतो. तुम्ही शिकणार कोणत्या भाषेत आणि संदेश देणार कोणत्या भाषेत?

जालना किंवा शेवगावच्या बाजूचा मुलगा मराठी शाळेतून येतो. सेमिनरीत व्याख्यानं इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी, प्रबंध इंग्रजी. पहिलं वर्ष इंग्रजीशी झुंजण्यात जातं, दुसऱ्या वर्षी तो सरावतो, तिसऱ्या वर्षी विचारही इंग्रजीत करू लागतो. चौथं वर्ष संपल्यावर त्याची नेमणूक होते ती ऊसतोडीला निम्मं गाव रिकामं होणाऱ्या एखाद्या खेड्यात. पहिल्या रविवारी तो वेदीपाशी उभा राहून 'या पॅसेजचा कॉन्टेक्स्ट असा आहे' म्हणतो, आणि समोरची म्हातारी शेजारणीला विचारते, काय म्हणाले? हा दोष मुलाचा नाही. चार वर्षांत त्याला कुणी मराठीत विचार करायला लावलंच नाही.

आणि आपली परंपरा तर नेमकी उलट सांगते. राशोलला १६१६ मध्ये छापलेलं थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण ओवीत आहे. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने गोव्यात बसून मराठी पुराणाची रीत उचलली. नारायण वामन टिळक अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवत आणि कीर्तनाला उभे राहत; विद्वत्ता आणि टाळ यांत त्यांना विरोध दिसला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मुळावरून बायबल मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या बाईला समजावं या हट्टाने. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. 'सुबोध बायबल' त्यांचं, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा वसईबाहेरच्या, ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही आपला माणूस गेला असं मानलं. कुठल्याही सेमिनरीत भाषेचा असा सहवास आपोआप मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो.

म्हणून सेमिनरी पाहायला जाल तेव्हा मराठीची चौकशी सगळ्यात आधी करा. माध्यम कोणतं आहे? उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का? सेरामपूरच्या काही सेमिनऱ्या प्रादेशिक भाषेत शिकवत आल्या आहेत, पण आज, तुमच्या वर्षी, तुमच्या अभ्यासक्रमाला ते लागू आहे का, हे कार्यालयातून नक्की करून घ्या. माध्यम इंग्रजीच असेल तरी हरकत नाही; इंग्रजीशिवाय टीकाग्रंथांची कपाटं उघडत नाहीत, हेही खरं आहे. मग पुढचे प्रश्न येतात. ग्रंथालयात मराठीचं कपाट आहे का, आणि त्यावरची धूळ किती जुनी आहे? मराठी संदेश ऐकून सुधारणा सुचवणारा एक तरी प्राध्यापक आहे का? रविवारच्या फिल्डवर्कला मराठी मंडळीत पाठवतात का? 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहातली गीतं चॅपलमध्ये कधी म्हटली जातात का, की वर्षभर गिटारवर इंग्रजी वर्शिपच? या चारांपैकी दोनांची उत्तरं 'हो' आली तरी ती जागा तुमच्यासाठी बरी समजा. एकही आलं नाही तर बाकी सगळं उत्तम असूनही पुन्हा विचार करा.

आता काही नावं. मराठी उमेदवाराचं नशीब असं की पुण्यातच तीन वेगवेगळ्या वळणांची घरं आहेत. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र ही नावाप्रमाणेच इथल्या मंडळ्यांसाठी उभी राहिलेली, सेरामपूरशी संलग्न. सीएनआयच्या मराठी उमेदवाराने पहिली भेट इथे द्यावी. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी मुळात यवतमाळची, १९५३ मध्ये तिथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. वळण इव्हँजेलिकल, माध्यम इंग्रजी, विद्यार्थी नागालँडपासून केरळपर्यंतचे आणि अनेक चर्चचे. मिझो मुलाशेजारी बसून चार वर्षं शिकणं हेही एक शिक्षणच आहे. आपल्या मंडळीबाहेर ख्रिस्ती जग किती मोठं आहे ते तिथे कळतं. तिसरं नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ, कॅथलिक. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू झालेली सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. तत्त्वज्ञान आणि भारतीय धर्मपरंपरांच्या अभ्यासासाठी तिचं नाव आहे, आणि धर्मभगिनी व प्रापंचिक मंडळीही तिथे शिकतात. प्रोटेस्टंट विद्यार्थ्यानेसुद्धा तिथल्या एखाद्या व्याख्यानाला जाऊन बसावं.

महाराष्ट्राबाहेर मेथॉडिस्टांच्या ओळखीचं जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. विदर्भातल्या मुलाला ते पुण्याहून परकं वाटत नाही, पण हिंदीची तयारी ठेवावी. बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० चं, कलकत्त्याचं बिशप्स कॉलेज १८२० चं. ही दोन्ही पुढच्या अभ्यासाला, एम.टीएच.ला, उत्तम. पहिल्या पदवीसाठी तिथे जावं का? मला वाटतं, मराठी मंडळीतच सेवा करायची असेल तर बी.डी. जवळ करावी आणि एम.टीएच.ला लांब जावं. उलट करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले पुष्कळ परत येत नाहीत.

वळण हा शब्द वर दोन-तीनदा आला, त्याबद्दल थोडं मोकळेपणाने बोललं पाहिजे. पहिल्या सहामाहीत जुन्या कराराच्या तासाला कळतं की मोशेची पाच पुस्तकं एकाच हाताने लिहिलेली नाहीत असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि यशया एकाहून अधिक काळांत रचला गेला असावा. उपास-प्रार्थनेच्या वातावरणात वाढलेल्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. काही जण वह्या मिटतात, काही बंड करतात, काही वरवर लिहून पास होतात आणि मंडळीत गेल्यावर त्यातलं एक अक्षरही काढत नाहीत. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण त्यात चार वर्षं फुकट जातात. सेमिनरी निवडताना म्हणून हेही विचारा की असे प्रश्न तिथे कसे हाताळले जातात. नुसतं मोडून दाखवतात, की मोडल्यावर विद्यार्थ्याजवळ कुणी बसतं? की प्रश्न विचारायलाच मनाई आहे? अशी मनाई असलेल्या ठिकाणी मन शांत राहतं, पण मंडळीतल्या इंजिनियर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला की पाळकाची तारांबळ उडते.

तसंच समाजाचं. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळं महार, मांग अशा समाजांत आहेत, आणि चर्चमध्ये त्यावर बोलणं अजूनही अनेकांना नको असतं. दलित ईश्वरविज्ञान म्हणून जी विचारधारा आज जगभर शिकवली जाते तिची सुरुवात सहसा १९८१ पासून मोजतात. त्या वर्षी अरविंद निर्मळ यांनी बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक भाषण केलं होतं. तुमच्या सेमिनरीत त्यांचं नाव अभ्यासक्रमात आहे का, हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर काय येतं यापेक्षा ते देताना समोरच्याचा चेहरा कसा होतो यावरून जास्त कळेल.

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. उद्घाटन, पदवीदान असल्या दिवशी जाऊ नका. एखाद्या मंगळवारी जा, परवानगी घेऊन दोन तास वर्गात बसा, मेसमध्ये जेवा, चॅपलला थांबा. प्राध्यापकांपैकी किती जणांनी स्वतः पास्टोरेट सांभाळली आहे ते विचारा. डॉक्टरेट झालेले बरेच असतात. पण रात्री दोन वाजता मर्तिकाचा फोन घेतलेला माणूस पाळकीय सेवेचा विषय वेगळा शिकवतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापक नसताना बोला. शेवटी, दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या आणि आज मंडळीत असलेल्या पाळकाला गाठा आणि त्याला एकच विचारा: पहिल्या वर्षी कोणती गोष्ट येत नव्हती? 'मिनिटबुक लिहिणं', 'भांडण सोडवणं', 'व्यसनी नवऱ्याच्या बायकोला काय सांगावं', असली उत्तरं ऐकू येतील. ज्या सेमिनरीत यातलं थोडं तरी शिकवतात ती निवडा. समुपदेशनाची ओढ असेल तर वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात पाळकीय सेवेचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळतं. सेमिनरी सुट्टीत तिकडे जाऊ देते का, तेही पाहून ठेवा.

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. सेवेला निघालेल्याने हिशेब मांडू नये असा एक समज आहे. मांडावा. फी, मेस, पुस्तकं, प्रवास आणि सुट्ट्यांतला खर्च असा पूर्ण मुदतीचा आकडा काढा, एका वर्षाचा नव्हे. धर्मप्रांत किंवा मिशन खर्च उचलणार असेल तर बदल्यात किती वर्षं सेवा द्यायची, मध्येच सोडलं तर काय, हे कागदावर असू द्या. त्याचबरोबर आपल्या मंडळीत पाळकाला आज पगार किती मिळतो आणि तो वेळेवर होतो का, हे खजिनदाराला विचारा. काही धर्मप्रांतांत मालमत्तेवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत, ही लपलेली गोष्ट नाही. विद्यार्थ्याने त्यात कुणाच्याही बाजूने घोषणा देऊ नये. गट बदलतात, फाइलमधलं नाव राहतं.

लग्न झालेल्याने बायकोला घेऊन भेटीला जावं. सेमिनरीत जोडप्यांसाठी घरं आहेत का, तिला तिथे काही शिकता येतं का, मुलांची शाळा किती लांब आहे, हे तिने स्वतः विचारलेलं बरं. पाळकाच्या बायकोला पगार नसतो पण काम पूर्णवेळचं असतं. तिची संमती गृहीत धरून घेतलेले प्रवेश पुढे फार महाग पडतात.

मुलींसाठी दोन गोष्टी. सीएनआय, मेथॉडिस्ट, नाझरीन या चर्चमध्ये स्त्रीला दीक्षा मिळू शकते. पण नियमात असणं आणि तुमच्या धर्मप्रांतात प्रत्यक्ष एखादी स्त्री पास्टोरेटची प्रमुख असणं यांत अंतर आहे. आजवर किती जणींना दीक्षा दिली आणि त्या आज कुठे आहेत, हे नावानिशी विचारा. सगळ्या जणी ऑफिसात किंवा संडे स्कूलमध्येच असतील तर निदान डोळे उघडे ठेवून आत जाल. सेमिनरीत वसतिगृहाचे नियम मुलामुलींना सारखे आहेत का आणि अंतर्गत तक्रार समिती नावापुरती आहे की काम करते, हे तिथल्या विद्यार्थिनींकडून समजून घ्या. कार्यालयातून मिळणारं उत्तर नेहमी गोडच असतं.

नोकरी, शेती किंवा संसार सोडून चार वर्षं जाणं शक्य नसेल तर घरी राहूनही शिकता येतं. सेरामपूरच्या सिनेटचे डिप्लोमा आणि बी.सी.एस. हे अभ्यासक्रम बाहेरून करता येतात, आणि बेंगळुरूची टॅफ्टी ही संस्था १९७१ पासून स्थानिक गटांमार्फत असं शिक्षण देते आहे. याने सहसा दीक्षेचा रस्ता उघडत नाही, पण वडीलजन, संडे स्कूलचे शिक्षक, प्रार्थनासभा चालवणारे यांना त्याचा फार उपयोग होतो. खरं तर सेवेत जायचं म्हणणाऱ्या दहा तरुणांपैकी सगळ्यांनाच पाळक व्हायचं नसतं. कुणाला शिकवायचं असतं, कुणाला रुग्णालयात काम करायचं असतं, कुणाला भाषांतर, कुणाला संगीत. 'मला पाळक व्हायचं नाही, पण सेवा करायची आहे' असं स्वतःशी कबूल करता आलं तर कॉलेजची यादी पूर्ण बदलते आणि पुष्कळदा साध्या विद्यापीठाचा समाजकार्याचा किंवा नर्सिंगचा अभ्यासक्रम जास्त योग्य ठरतो.

वेळेचं गणित शेवटी. बहुतेक सेमिनऱ्यांचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी घेतले जातात. त्याआधी पास्टोरेट कमिटीची बैठक व्हायला हवी, आणि ती नेहमी दोनदा तहकूब होते. मग धर्मप्रांताची मुलाखत, मग प्रवेशपरीक्षा. म्हणजे पुढच्या जूनला जायचं असेल तर या पावसाळ्यातच पाळकसाहेबांना भेटा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले नाताळच्या गर्दीआधी काढून ठेवा. जुन्या रजिस्टरात नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघतं आणि ते दुरुस्त व्हायला वेळ जातो. वैद्यकीय दाखला, गुणपत्रिका आणि दोन शिफारसपत्रं लागतात. शिफारसपत्रांतलं एक तरी मंडळीबाहेरच्या माणसाचं घ्या: शाळेतले सर किंवा पहिल्या नोकरीतले साहेब. मुलाखतीत पाचारणाबद्दल विचारतातच. तिथे पाठ केलेली साक्ष सांगू नका. समितीने तसल्या शेकडो ऐकलेल्या असतात. गेल्या वर्षभरात मंडळीत तुम्ही काय केलं ते सांगा, कोणत्या घरांत गेलात, कुणाला काय शिकवलंत, कुठे जमलं नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला आणि ते वर्ष मंडळीत काढा.